थोडक्यात वाचल्याचा मासिक अहवाल

निबंधात मी कधी नापास झाले नाही, हा माझ्या आयुष्यातला मोठा दोष आहे. सांगलीच्या शाळेत ‘आमच्या गावचा पूर’ या विषयावर मी असा काही निबंध लिहिला होता, की बाईंनी तो तीन तुकड्यांत वाचून दाखवला. पूर आला त्या आठवड्यात मी आजोळी विट्याला आंबोळ्या खात बसले होते, हे कोणी त्यांना सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा कौतुक झालं. पुढे कुवेतमध्ये, एका जपानी कंपनीच्या कचेरीत, तेच कौशल्य चांगलं अंगाशी आलं.

आम्ही मंगफला राहतो. नवरा जाब्रियाच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. मी दक्षिणेकडच्या तेलाच्या पट्ट्यात, एक मोठा प्लांट बांधणाऱ्या जपानी कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे हजारो नकाशांना नंबर द्यायचे, कुठला कोणाकडे गेला ते लिहायचं, आणि मागितला की दोन मिनिटांत काढून द्यायचा. कचेरी म्हणजे वाळूत मांडलेल्या पत्र्याच्या केबिनी. एसी बंद पडला की दहा मिनिटांत आतल्या माणसाचा पापड भाजून निघेल अशा.

जपानी लोकांबद्दल आपल्याकडे जे सांगतात ते सगळं खरं आहे, फक्त ते रोज आठ तास सहन करायचं असतं हे कोणी सांगत नाही. सकाळी साडेसहाला भोंग्यातून पियानो वाजायला लागायचा आणि साहेबापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे मैदानात हात वर करून व्यायाम करायचे. सलवार-कमीज, वर पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट अशा थाटात मीही डावीकडे वाकायचे. धुळीचं वादळ असेल त्या दिवशी हाच व्यायाम केबिनमध्ये, टेबलांच्या मधल्या वाटेत. मग प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलायची शिस्त. कपाट बंद केलं की बोट दाखवून ‘कपाट बंद, ठीक’. महिन्याभरात मी घरी गॅससमोर बोट दाखवून उभी राहायला लागले. नवरा खूप हसला. मग एक दिवस गाडीला कुलूप लावून तोच बोट दाखवत होता.

‘नाही’ हा शब्द तिथे नव्हताच. साहेबांना एखादी गोष्ट अमान्य असली की ते मान तिरकी करून दातांतून हवा आत ओढायचे. हवा थोडी ओढली तर थोडी अडचण, बराच वेळ ओढली तर विषय संपला. आणि साहेब उठेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. साहेब उठायचे नाहीत, कारण बाकीचे अजून बसले आहेत, त्यांना सोडून कसं जायचं. हा तिढा शेवटी बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून सोडवायचा.

साहेब माणूस वाईट नव्हता. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, बायको-मुलं तिकडे जपानात. माझ्या आडनावाला ‘सान’ लावून हाक मारायचे, तर मला आपण कोणीतरी जमीनदार आहोत असं वाटायचं. एकदा चालता चालता फोटोकॉपीच्या मशीनला धडकले तर त्याचीही माफी मागून पुढे गेले.

आमच्या केबिनीच्या टोकाला पँट्री होती आणि ती चाचांची होती. चाचा दापोलीकडचे, साठीला आलेले. तीस वर्षं कुवेतमध्ये आणि त्यातली आठ आमच्या कचेरीच्या चहावर. तसे ते आमच्या कंपनीचे नव्हते, माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीनं दिलेले होते. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. जपानी ‘चाचा-सान’ म्हणायचे. मला ते ‘बाय’ म्हणायचे. गॅसवर आलं ठेचून घातलेला आमचा चहा वेगळा, जपान्यांचा हिरवा कडवट चहा वेगळा, आणि दोन्ही बरोबर वेळेवर. त्यांची फरशी पांढरी होती आणि ती पांढरीच असायची. चप्पल बाहेर काढल्याशिवाय आत प्रवेश नाही, हा एकच नियम असा होता की त्यावर कोकण आणि जपान यांचं पूर्ण एकमत होतं.

आता मुद्द्याचं. या कंपनीत एक मासिक अहवाल द्यावा लागायचा. अपघाताचा नव्हे. अपघात होता होता राहिला, त्याचा. छातीत धस्स झालं, थोडक्यात वाचलो, असं महिन्यात जे काही घडलं असेल ते एका फॉर्मवर लिहून द्यायचं. जपानीत त्याला एक शब्द आहे, त्याचा अर्थही साधारण धस्स होणं असाच आहे. साहेब म्हणायचे की एका मोठ्या अपघाताच्या आधी अशी शेकडो धस्सं होऊन गेलेली असतात, ती वेळीच कळली तर अपघात टळतो. कल्पना चांगली होती. फक्त अट अशी होती की दर माणशी, दर महिन्याला, एक धस्स झालंच पाहिजे.

पहिल्या महिन्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘काही नाही.’ साहेब तो कागद दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलाशी आले आणि उभे राहिले. मान तिरकी झाली. हवा आत गेली. अख्ख्या महिन्यात काहीच दिसलं नाही, हे जरा अवघड आहे, असं ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी ज्याला काही दिसलं नाही तो माणूस बघतच नव्हता. माझ्या हिशेबी मी दिवसभर खुर्चीवर बसून नकाशांना नंबर देत होते. तिथे धस्स व्हायचं तर खुर्चीच मोडायला हवी. मग मी खुर्ची मोडली. म्हणजे कागदावर. खुर्चीचं एक चाक निखळलं होतं, मी बसण्यापूर्वी सुदैवानं माझं लक्ष गेलं, वगैरे. साहेबांनी वाकून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी मला नवी खुर्ची आली.

झालं. वाघाला रक्ताची चटक लागते म्हणतात, तसं झालं. पुढच्या महिन्यात वरच्या फळीवरून फाइल पडता पडता राहिली. त्याच्या पुढच्या महिन्यात केबिनीच्या पायरीवर वाळू साचली होती आणि माझा पाय सरकता सरकता राहिला. बाकीच्यांना माझी कीर्ती कळली. आमच्या कचेरीत आपली माणसं बरीच होती. उत्तम वेल्डिंग तपासतील, पाइपाचं गणित तोंडपाठ सांगतील, पण इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा. ते महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी माझ्याकडे यायचे. ‘मॅडम, मेरा भी एक धस्स लिख दो.’ मी चौदा माणसांची धस्सं लिहायला लागले. माणूस बघून लिहायचे. क्रेनवाल्याला क्रेनचं, स्टोअरवाल्याला खोक्याचं, ड्रायव्हरला रस्त्यात अचानक आलेल्या उंटाचं. एकाला सलग दोनदा उंट आला तेव्हा मीच तिसऱ्यांदा बदलून मेंढी केली.

घरी मी हे सगळं हसत हसत सांगायचे. आमची लेक शाळेत इंग्रजीत वाढलेली. तिनं एकदा पुस्तकातून डोकं वर काढून ‘सो, बेसिकली, यू लाय फॉर अ लिव्हिंग?’ असं विचारलं. मी तिला जेवायला बस म्हटलं.

मग बक्षीस सुरू झालं. महिन्यातल्या सर्वोत्कृष्ट धस्साला प्रशस्तिपत्र आणि थर्मास. पहिल्या दोन वेळा एका फिलिपिनो सर्व्हेअरला मिळालं आणि मला राग आला. त्याची धस्सं खरी होती, पण लिहिण्यात काही दम नव्हता. म्हटलं, थांबा. त्या महिन्यात मी जीव ओतून लिहिलं. मला एक जागा हवी होती, जी सगळ्यांच्या ओळखीची असेल, आणि एक धोका, जो वाचताच अंगावर येईल. मी लिहिलं: सकाळी दहा वाजता पँट्रीच्या दारात फरशी ओली होती. माझ्या हातात उकळत्या चहाचा ट्रे होता. डावा पाय सरकला. मी दाराची चौकट धरली. चहा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

पँट्री मी निवडली ती निव्वळ वर्णनाच्या सोयीसाठी. पँट्री म्हणजे चाचा, ही गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही. लिहिणाऱ्याला आपलं वाक्य दिसतं, त्या वाक्यात उभा असलेला माणूस दिसत नाही. हे आता सुचतंय. तेव्हा थर्मास दिसत होता.

थर्मास मिळाला. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ते वीतभर अंतर साहेबांच्या मनाला फार लागलं. त्यांनी अहवाल जपानातल्या मुख्य कचेरीला पाठवला. त्यांच्याकडे पद्धत आहे, एका ठिकाणचा धडा सगळ्या ठिकाणी पसरवायचा. माझं धस्स तीन-चार देशांत पसरलं. मग मुख्य कचेरीनं विचारलं, चौकशी केली का.

जपानी चौकशी ही आपल्यासारखी नसते. आपल्याकडे चौकशी म्हणजे कोणाचं चुकलं ते आधी ठरतं. त्यांच्याकडे आरडाओरडा नाही, दोषारोप नाही. फळ्यासमोर सगळे बसतात आणि पाच वेळा ‘का’ विचारतात. प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का’. पाचव्याला मूळ कारण सापडतं, अशी श्रद्धा आहे. पण त्याआधी घटना पुन्हा घडवून दाखवावी लागते, हे मला माहीत नव्हतं.

एका सोमवारी पँट्रीच्या दारात तीन जपानी, एक मल्याळी सेफ्टी ऑफिसर, एक मोजपट्टी आणि एक कॅमेरा जमले. मला हेल्मेट घातलं. हातात ट्रे, ट्रेमध्ये रिकामे कप. ‘हळू पडा,’ साहेब म्हणाले. जी मी आयुष्यात कधी तिथे पडले नव्हते, ती मी पडायला लागले. पहिल्यांदा उजवा पाय सरकवला. सेफ्टी ऑफिसरनं अहवाल बघितला आणि म्हणाला, ‘मॅडम, लेफ्ट.’ पुन्हा पडले. चौकट कुठल्या हातानं धरली? दोन्ही हातांत ट्रे असेल तर चौकट धरली कशी? हा प्रश्न मला लिहिताना पडला नव्हता. मी म्हटलं, कोपरानं. त्यांनी कोपराची उंची मोजून लिहून घेतली. पाच वेळा पडले. पाचव्या वेळी खरोखरच कमरेत उसण भरली, आणि ती पुढे आठवडाभर राहिली.

या सगळ्या वेळात चाचा आत गॅसजवळ हातात फडकं घेऊन उभे होते. सगळे गेल्यावर ते बाहेर आले.

‘बाय, तू पडलीस आनि मला सांगितलास पन नाय,’ ते म्हणाले. ‘माझी चूक झाली. माफ कर गो बाय.’

मी ‘अहो चाचा, काही नाही, सोडा’ असं काहीतरी पुटपुटले आणि टेबलावर येऊन नकाशांना नंबर द्यायला लागले. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, आता हे फळ्यावर पाच ‘का’ लिहितील, एखादी ‘फरशी ओली आहे’ अशी पाटी लावतील आणि मिटेल. त्या दिवसापासून चाचा दर पंधरा मिनिटांनी फरशी पुसायला लागले. पुसून झालं की गुडघ्यावर बसायचे आणि गाल जवळजवळ जमिनीला टेकवून तिरकं बघायचे. मला वाटलं, माणूस किती मन लावून काम करतो.

पाच ‘का’ असे निघाले. पाय का सरकला? फरशी ओली होती. ओली का? पाणी सांडलं. का सांडलं? पातेल्यातून किटलीत, किटलीतून कपात, असं तीनदा ओतलं जातं. तीनदा का? चहा गॅसवर होतो. गॅसवर का? मशीन नाही. फळ्यावर पाचव्या ओळीखाली लाल रेघ ओढली गेली. उपाय: चहाचं मशीन बसवणे, गॅस काढणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली, कारण मला अजून कळलं नव्हतं. मग सेफ्टी ऑफिसरनं उपायाखालची दुसरी ओळ लिहिली: मशीन आल्यावर पँट्रीला माणसाची गरज नाही, ती जागा कमी करणे.

त्या कागदावर सात शिक्के लागायचे होते. तिथे सही नसते, प्रत्येकाचा आपला गोल लाल शिक्का असतो. चार दिवसांत पाच लागले.

चाचांना हे कळलं ते मंदूबकडून. मंदूब म्हणजे कंपनीच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, आणि व्हिसाची कामं करणारा माणूस. त्यानं त्यांच्याकडे पासपोर्ट मागितला. माणसं पुरवणारी कंपनी साठीच्या माणसाला दुसरीकडे कुठे लावणार? इकामा रद्द झाला की विमानतळ, आणि त्या वयाला पुन्हा व्हिसा मिळत नाही. तीस वर्षांचा कुवेत खल्लास.

ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

‘तू इंग्लिश बरा लिव्हतेस,’ ते म्हणाले. ‘सगल्यांचा लिवून देतेस. मला पन एक चिट्ठी लिवून दे. लिव, फरशी माझ्यामुलं ओली ऱ्हायली, त्या मुलीला लागला असता, माझी चूक हाय. पुन्यांदा व्हनार नाय. धाकटीचा कॉलेज दोन वर्सांत संपल, तंवर ठेवा म्हनावा.’

चौदा माणसांची खोटी संकटं मी लिहिली होती. आता माझ्यासमोर एक माणूस उभा होता आणि न केलेल्या चुकीचा कबुलीजबाब माझ्याचकडून लिहून मागत होता. मी कोरा कागद ओढला, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. उद्या देते, असं सांगितलं. ते ‘बरा’ म्हणाले आणि मला चहा करायला गेले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला. ‘तू खरं सांगितलंस तर नोकरी जाईल,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘आणि नाही सांगितलं तर त्यांची जाईल.’ त्यावर तो भांडी घासायला उठला. आमच्याकडे हा होकार असतो.

या कंपनीत मी एक गोष्ट शिकले होते. मीटिंगमध्ये नवीन काही बोलायचं नाही. जे बोलायचं ते आधी एकेकाला भेटून, हळू आवाजात. म्हणून दुसऱ्या दिवशी व्यायाम झाल्या झाल्या साहेबांच्या टेबलाशी गेले. त्यांच्यासमोर शेवटच्या दोन शिक्क्यांसाठी तोच कागद होता. मी सरळ सांगितलं की मी पडले नव्हते. फरशी ओली नव्हती. ट्रे नव्हता. मी बक्षिसासाठी लिहिलं.

साहेबांनी कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, ‘म्हणजे डावा पाय नाही?’

‘कुठलाच पाय नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी हवा ओढली नाही. हेच मला फार भीतीदायक वाटलं. त्यांनी खणातून एक फाइल काढली. त्यात वर्षभराची धस्सं लावलेली होती, आपल्या चौदा जणांची, तारखेप्रमाणे. प्रत्येक कागदावर ‘सुदैवानं’ हा शब्द दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला होता आणि प्रत्येकावर त्यांनी तो पेन्सिलीनं अधोरेखित केला होता. त्यांना माहीत होतं की लिहिते मीच. त्यांना वाटलं होतं की ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचं ऐकून मी सुट्टीच्या वेळात लिहून देते. त्यांनी माझं नाव चांगल्या वागणुकीसाठी मुख्य कचेरीला कळवलं होतं. आता मला खरोखरच धस्स झालं.

‘उंटसुद्धा?’ त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. ‘उंटांसाठी आम्ही रस्त्याला कुंपण मागवलं आहे,’ ते म्हणाले.

दुपारी मुख्य कचेरीबरोबर पडद्यावर मीटिंग होती. मी मनाशी तयारी केली होती की माझं नाव निघेल, मला उभं करतील. साहेब स्वतः उभे राहिले. कमरेत पूर्ण वाकले आणि वाकलेलेच राहिले. पडद्यावरची माणसं थांबली. साहेब जपानीत बोलले ते मला कळलं नाही, पण मग फळ्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत पुन्हा पाच ओळी लिहिल्या. खोटा अहवाल का आला? खरं काही घडलं नव्हतं. तरी का लिहिला? ‘काही नाही’ असं लिहिलेला कागद परत आला होता. का परत आला? कारण व्यवस्थापकाला आकडा पूर्ण हवा होता. का? आकडा पूर्ण झाला की मुख्य कचेरी आनंदी. पाचवा ‘का’ त्यांनी लिहिला आणि त्यापुढे काही लिहिलं नाही. पडद्यावरच्या एका म्हाताऱ्यानं दातांतून हवा ओढली ती मला कुवेतपर्यंत ऐकू आली.

नोकरी गेली नाही. मला स्वतःच्या हातानं आत्मपरीक्षणाचा निबंध लिहायला सांगितला, तीन पानी. तो तीनदा परत आला, कारण तो ‘फार चांगला लिहिलेला’ होता. थर्मास मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो परत घेण्याचा फॉर्मच नाही असं सांगितलं. महिन्याच्या अहवालात आता ‘काही नाही’ लिहिता येतं, मात्र काही नाही हे कसं तपासलं ते सोबत लिहावं लागतं. चहाच्या मशीनचा कागद रद्द करायला नव्यानं सात शिक्के लागले. ते त्याच संध्याकाळी लागले, कारण साहेब कागद घेऊन सात टेबलांवर फिरले.

पण हे सगळं नंतरचं. मीटिंग संपली तेव्हा साहेब माझ्याजवळ आले. ‘चाचा-सानना कोणी सांगितलं नाही,’ ते म्हणाले. ‘आपण दोघं जाऊ.’

मला जायचं नव्हतं. मुख्य कचेरीसमोर उभं राहणं परवडलं असतं. पण साहेब निघाले होते. पँट्रीच्या दारात त्यांनी बूट काढले, मी चपला काढल्या. चाचा गॅसपाशी होते. साहेबांनी त्यांच्यासमोर उभं राहून तसंच कमरेतून वाकून नमस्कार केला. चाचांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, निरोप द्यायला आले. त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुसले.

साहेबांना मराठी येत नव्हतं. बोलायचं मलाच होतं. मी म्हटलं, ‘चाचा, तुम्ही कुठं जात नाही. मशीन येणार नाही. मी तुमची चिठ्ठी लिहिली नाही, कारण त्यात लिहायला काही नव्हतं. मी पडलेच नव्हते. मी ते खोटं लिहिलं होतं.’

नोकरी राहिली म्हणून ते आनंदतील, किंवा खोटं बोलले म्हणून मला शिव्या घालतील, दोन्हीची माझी तयारी होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते फरशीकडे बघत होते.

‘म्हंजे त्या दिवशी मी पुसली व्हती?’ त्यांनी विचारलं.

‘पुसली होती.’

‘कोरडी व्हती?’

‘कोरडी होती, चाचा.’

ते खुर्चीवर बसले. मग हळूहळू सांगायला लागले, मला नाही, आम्हा दोघांच्या मागच्या भिंतीला सांगितल्यासारखं. म्हणाले, मला ओली दिसली नव्हती, पण एवढी शिकलेली पोर सांगते म्हणजे ओली असणारच. म्हणजे मलाच दिसत नाही. वीस दिवस फरशीला गाल लावून बघतोय, कोरडी दिसते, पण त्या दिवशीही कोरडीच दिसली होती, मग भरवसा कशाचा. कपात चहा ओततानासुद्धा आता हात थांबतो. घरी कळवून टाकलं, माझं डोलं गेलं, मी परत येतंव.

त्यांची नोकरी मी जवळजवळ घालवली होती, हे मला माहीत होतं. त्यांचे डोळेही काढून घेतले होते, ते मला तिथे कळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. साहेब हळू आवाजात मला विचारत होते, काय म्हणतात, काय म्हणतात.

चाचांनी खिशातून मोबाइल काढला आणि आम्ही दोघं अनवाणी समोर उभे असताना दापोलीला फोन लावला. नोकरी राहिल्याचं त्यांनी सांगितलंच नाही. बायकोनं फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, ‘अगो, फरशी कोरडी व्हती. मी पुसली व्हती.’ तिला बहुधा ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी ते आणखी दोनदा, मोठ्यानं सांगितलं.